सुळ्यांमधून यायची वाट

स्कारव्हीक, ११ फेब्रुवारी

आयलर्ट,

बुकिंग बायकोच्या माहेरच्या नावाने केलंस म्हणजे मला कळणार नाही, असं वाटलं तुला? "मेरेते लुंडे, चार जण, २४ ते २७ एप्रिल, गाईडसह खोल समुद्रातली मासेमारी." इथवर ठीक होतं. पण खालच्या "विशेष इच्छा" या रकान्यात लिहिलंस, "सुळ्यांपलीकडच्या तळावर हॅलिबट". नकाशात त्या खडकांना नुसते आकडे आहेत. त्यांना सुळे म्हणणारी माणसं जगात जेमतेम तीस उरली असतील आणि त्यांतला स्टावांगरात राहणारा एकच. "समुद्राचा अनुभव" याच्यापुढे "थोडाफार" लिहिलं आहेस. फॉर्मात तेवढी एक गोष्ट खरी आहे.

मी रद्द करू शकले असते. करत नाही, कारण मग तू तिकडे दक्षिणेत सांगत फिरशील की सख्ख्या बहिणीने दारातून हाकललं. नऊ वर्षांनी येतोस तो पाहुणा म्हणून येतोस, तर पाहुण्यासारखंच वागवीन. तुझा फोन मी घेत नाही आणि घेणारही नाही. काय असेल ते कागदावर लिही.

आता तयारीचं. हे मी सगळ्यांनाच पाठवते, तेव्हा भावाचा अधिकार समजू नकोस. अंगाला लागून लोकर घाला, सुती काही नको. सुती ओलं झालं की माणूस तासाभरात निळा पडतो, हे तुला माहीत असायला हवं, पण तुझ्या तीन ऑफिसवाल्यांना नसेल. तरंगणारे सूट मी देते. तुझं माप मध्यम लिहिलं आहेस, ते लग्नातला फोटो बघून भरलंस का? मी सर्वांत मोठा काढून ठेवते. उलटीची गोळी आदल्या रात्री घ्यायची. सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही, ती माशांच्या पोटात जाते. हातमोजे दोन जोड आणा. गळ, दोरी, अर्ध्या किलोची शिसं माझ्याकडे आहेत. स्टावांगरच्या दुकानातून चकाकणारी खेळणी विकत आणू नका. पाठीवरची पिशवी बोटीवर चालत नाही, तपकिरी चीज चालत नाही, शीळ घालायची नाही, सगळे अपशकुन. साहेब लोक हसतील. हसू देत, पण धक्क्यावर.

आणि सुळ्यांपलीकडे मी कुणाला नेत नाही. बाबा जिथे गेले तिथे तुझ्या साहेबांना हौसेने गळ टाकायला नेऊ का? दीपगृहाच्या बाजूने नेईन, तिथे एप्रिलात कॉड भरपूर असतो. फोटो चांगले येतात. तुम्हाला तेवढंच हवं असतं.

मासेमारीसाठी शुभेच्छा. हो, मुद्दाम लिहिलं. इथे जाणाऱ्या माणसाला शुभेच्छा दिल्या तर त्याचं काय होतं, हे तू विसरला नसशीलच.

गुनवोर

स्कारव्हीक, ४ मार्च

आयलर्ट,

चार पानी पत्र! नऊ वर्षांत नाताळाला एक ओळ लिहिली नाहीस आणि आता चार पानं. त्यातलं एक पान तर हवेबद्दल आहे.

म्हणे साहेब लोक हे निमित्त आहे. म्हणे साठीला आलो, बाबांनी बाराव्या वर्षी मला त्या तळावर नेलं होतं, एकदा परत तिथे बोट थांबवून उभं राहायचं आहे. वाचून हागबार्टला दाखवलं. तो आता ऐंशीचा आहे, अजूनही शेजारच्याच घरात राहतो आणि रोज सकाळी माझ्याकडे कॉफीला येऊन माझ्याच कॉफीला नावं ठेवतो.

तो म्हणाला, "ने की पोराला. काय बिघडतंय?"

म्हटलं, "साठ वर्षांचं पोर? म्हाताऱ्याला एकट्याला सोडून गेलं तेव्हा कुठे होतं हे पोर?"

"नोकरीला होतं, गुनवोर. सगळ्यांचीच पोरं नोकरीला आहेत."

"सगळ्यांचे बाप नाही बुडाले."

त्यावर त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या जिभेला काटा आहे बाई. मासा असतीस तर कुणी खाल्ला नसता." आणि वर वॅफल मात्र दोन खाल्ले.

तू लिहिलंस की मयताच्या कॉफीच्या वेळी मी जे बोलले ते तू विसरलेला नाहीस. विसरू नयेसच म्हणून बोलले होते. प्रार्थनागृहाच्या खोलीत चाळीस माणसं होती आणि मी उभी राहून म्हणाले, "ज्याला बाबांनी सगळ्या खुणा दिल्या तो बोटीत नव्हता, म्हणून आज बाबा पेटीत आहेत." यातला कुठला शब्द खोटा होता ते सांग. तूही सांगितलं नाहीस तेव्हा. टोपी उचललीस आणि गेलास.

मला बाबांनी एकही खूण दिली नाही. मासे साफ करायला मी, जाळी शिवायला मी, कॉडची जीभ कापत थंडीत उभी राहायला मी. पण कुठला दगड कुठल्या शिखराखाली धरला की बोट कुठे येते, हे विचारलं की म्हणायचे, "खुणा मुलींना सांगत नाहीत. मुली लग्न करून दुसऱ्या गावाला जातात आणि खुणा सोबत नेतात." मी लग्न केलं नाही आणि गावही सोडलं नाही. खुणा घेऊन दुसऱ्या गावाला गेलास तू! ऑफिसात टेबलावर बसून काय केलंस त्यांचं?

मी जीपीएसच्या स्क्रीनवर चालते, लांबून, दीपगृहाला वळसा घालून. चाळीस मिनिटं जास्त लागतात. सुळ्यांच्या मधून मी आयुष्यात कधी आले नाही, कारण ती वाट मला कुणी दाखवली नाही. मग तुला कशी नेणार?

मेरेतेला सांग की सूटच्या आत जाड स्वेटर दोन नकोत, पातळ लोकरीचे तीन थर हवेत. ती येणार नसली तरी बॅग तीच भरणार, माहीत आहे मला.

गुनवोर

स्कारव्हीक, १८ मार्च

आयलर्ट,

तर मग धमकी. "तू नेणार नसशील तर मी कोरेची बोट भाड्याने घेईन. मला वाट माहीत आहे." वा! आयत्या बिळावर नागोबा.

मी गाडी काढून पलीकडच्या गावात कोरेकडे गेले. त्याला सांगितलं, याला बोट द्यायची नाही.

कोरे म्हणाला, "तुझा भाऊ आहे ना? लायसन्स आहे त्याच्याकडे. कुठल्या कारणाने नाही म्हणू?"

"तो बुडेल."

"बुडणारेच भाड्याने घेतात, ज्यांना येतं त्यांच्या स्वतःच्या असतात." आणि हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला आणि म्हणाला, "गुनवोर, तू त्याच्यावर चिडली आहेस की त्याची काळजी करते आहेस? एक काय ते ठरव, म्हणजे मला बुकिंग लिहिता येईल."

मी चिडले आहे. तुलाही ठाऊक असू दे.

तू विचारलंस, शेवटच्या दिवसांत बाबा कसे होते. नऊ वर्षांनी विचारलंस! सांगते. सप्टेंबरात त्यांचं कमरेचं हाड मोडलं, दहा आठवडे हामरफेस्टच्या इस्पितळात होते. मी दर रविवारी जायचे. तू दोनदा फुलं पाठवलीस. बाबांनी नर्सला विचारलं, "ही खायची असतात का?" त्या दहा आठवड्यांत मी इथे एकटीने काम उपसलं. पाहुण्यांचा धंदा उभा करायचा होता. बोटघराची समुद्राकडची भिंत तेवढी पांढरी होती, बाकी तिन्ही लाल. लहानपणापासून मला वाटायचं, बाबांचा लाल रंग संपला असेल आणि कंजूषपणाने नवा डबा घेतला नसेल. जर्मन पाहुणे बोटीतून फोटो काढतात, त्यांना लाल बोटघर हवं असतं. शिडी लावून मी ती भिंत लाल केली, दोन हात. शेजारी, चाळीसेक पावलांवर, मासे कापायची खोली बांधली, सगळी पांढरी, स्वच्छ दिसायला हवी म्हणून. बाबांना आल्यावर दाखवायचं होतं. ते नोव्हेंबरच्या शेवटी आले, अंधारात, गाडीने. घरातून समुद्राकडची बाजू दिसत नाही. म्हटलं, काठी सुटली की धक्क्यावर नेऊन दाखवू.

काठी सुटायची वाटच बघितली नाही त्यांनी. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठायच्या आत बोट घेऊन गेले. जाताना दीपगृहाच्या बाजूने गेले, हागबार्टला त्यांचा दिवा दिसला होता. त्या दिवसांत दुपारी दोन तास निळसर उजेड असतो, तेवढाच. परत येताना बर्फ सुरू झालं आणि त्यांनी जवळची वाट धरली. दक्षिणेकडच्या सुळ्यावर सापडली बोट. जीपीएसचा स्क्रीन मी त्यांना घेऊन दिला होता, त्याच्यावर टोपी घालून ठेवलेली होती. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची नजर गेली होती. मी म्हणाले, शेजारी धडधाकट मुलगा उभा असता तर त्याची नजर होती.

आणि तू म्हणतोस, तुला वाट माहीत आहे. बाराव्या वर्षी ऐकलेलं! मला नाही वाटत तुला काही आठवत असेल. ऑफिसातल्या माणसाला पार्किंगची जागा आठवत नाही. आठवत असेल तर लिहून दाखव. खुणा कागदावर उतरवायच्या नसतात, हे कारण सांगू नकोस. बाबा गेले, पोरंबाळं तुझी समुद्राकडे बघत नाहीत, आता कुणापासून लपवतोस? नाही लिहिलंस तर मी समजेन की आठवत नाही, आणि कोरेलाही तसंच सांगेन.

गुनवोर

स्कारव्हीक, १ एप्रिल

श्री. आयलर्ट,

२४ ते २७ एप्रिलची सहल हवामानामुळे रद्द करण्यात येत आहे. पैसे परत पाठवले आहेत. आपण व आपल्या सोबत्यांनी येऊ नये. दुसरीकडूनही बोट घेऊ नये.

गुनवोर

स्कारव्हीक, ७ एप्रिल

आयलर्ट,

तीन आठवडे आधी कुणाला हवामान कळतं, असं तू हागबार्टला फोन करून विचारलंस. तो इथे येऊन मला तसंच्या तसं म्हणून दाखवून गेला. आणि म्हणालास, "सांग तिला, मी येतोय. कोरेची बोट ठरली आहे. चोवीसला संध्याकाळी सुळ्यांमधून थेट तिच्या अंगणात येऊन उभा राहतो, मग बघू काय म्हणते."

येऊ नकोस. त्या वाटेने येऊ नकोस. हे आधी वाच आणि मग काय चिडायचं ते चीड.

तुझं पत्र एकतीसला आलं. मी खिजवलं म्हणून तू लिहिलंस. तुझं अक्षर अजून शाळेतलंच आहे. "डोंगराच्या खाचेखाली आपल्या बोटघराची पांढरी भिंत धरायची. दोन्ही एका रेषेत आली की बोटीचं नाक तिथेच ठेवायचं, डावीउजवीकडे बघायचं नाही. सुळे आपोआप दोन्ही बाजूंनी मागे जातात. बर्फात खाच दिसली नाही तरी चालेल, आत शिरताना भिंत पांढरी दिसली पुरे. बाबा म्हणाले होते, म्हणून तर ती दर जूनमध्ये रंगवतो."

मी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग खाली बसले. मग पुन्हा वाचलं.

दर जूनमध्ये. मला आठवतं ना. मी शिडी धरायची. पांढऱ्या रंगाचा डबा माझ्या हातात असायचा आणि मी विचारायचे, "एवढी एकच भिंत का?" ते म्हणायचे, "वारा हिलाच लागतो." मी ते कंजूष माणसाचं निमित्त मानलं. बावीस उन्हाळे शिडी धरली मी, आयलर्ट, आणि ज्याची शिडी धरली ते काय आहे, हे मला सांगावंसं त्यांना वाटलं नाही.

गावात कुणी मला थांबवणार तरी कसं? प्रत्येक घराच्या खुणा वेगळ्या, विचारणंही वाईट. हागबार्ट मला रंगवताना बघत उभा होता. म्हणाला होता, "छान दिसतंय."

आता तू जुळव. मी जुळवलं. निळा उजेड, बर्फ, कंबर दुखत असलेला म्हातारा सुकाणूवर उभा. तो पांढरी भिंत शोधतो आहे. लाल भिंत अशा उजेडात काळी दिसते, मी काल संध्याकाळी बोट घेऊन बाहेर जाऊन बघितलं. पांढरं एकच दिसतं, माझी मासे कापायची खोली, चाळीस पावलं दक्षिणेला. बाबांनी नाक तिथे धरलं. डावीउजवीकडे बघायचं नाही, म्हणून बघितलं नसेल. त्यांची नजर गेली नव्हती. त्यांना पांढरं दिसलं, ते बरोबर दिसलं.

तू बोटीत असतास तर तूही तिथेच नाक धरलं असतंस. पेट्या दोन झाल्या असत्या. हे कळल्यापासून मला झोप नाही.

सगळं सांगायचं तर हेही सांगते. एकतारखेला तुला ती "श्री. आयलर्ट" वाली चिठ्ठी टाकली आणि त्याच फेरीत पांढऱ्या रंगाचा डबा आणला. भिंत पांढरी करायची, कापायची खोली लाल करायची. तू कधी आलासच तर सगळं जिथल्या तिथे. कुणाला काय कळणार होतं? जर्मनांचे फोटो आहेत, पण जर्मनांना काय माहीत. शिडी लावली, दोन हातांएवढा तुकडा पांढरा केला.

हागबार्ट खाली येऊन उभा राहिला. "हे काय? लाल बरं होतं की."

म्हटलं, "गल पक्ष्यांनी घाण केली, म्हणून."

"गल लालसुद्धा घाण करतात आणि पांढरीसुद्धा. तू खाली ये आधी आणि खरं काय ते सांग."

खाली आले आणि त्याला सांगितलं. हे सांगितलेला तो पहिला, तू दुसरा. मला वाटलं म्हणेल, तुझी काय चूक, तुला कुठे माहीत होतं. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "आयलर्टला चाळीस माणसांसमोर बोललीस, त्याचं काय करणार आहेस?"

चूक माझी आहे का, याचं उत्तर मला देता येत नाही. कधी वाटतं बाबांची आहे, मुलींना सांगत नाहीत म्हणणाऱ्यांची. कधी त्यांच्यावर एवढी चिडते की थडग्यावर जाऊन भांडावंसं वाटतं. काल गेलेही होते, दगड बर्फाखाली होता. पण तुला जे बोलले ते मात्र सगळं माझंच. त्यात बाबा नाहीत की खुणा नाहीत. नऊ वर्षं मी तुला शिव्या देत जगले आणि खरं सांगते, त्याने मला बरं वाटत होतं. आता तेही राहिलं नाही. माफी कागदावर मागत नाही. कागदावर ती फार सोपी पडते.

तुझ्यावरचा राग पूर्ण गेला असं समजू नकोस. दोन फुलांचे गुच्छ मी विसरले नाही. आणि खुणा घरात एका बहिणीला सांगायला तुला कुणी अडवलं होतं? बारा वर्षांचा होतास तेव्हा नाही, पण चाळीसचा होतास तेव्हा?

तर आता कसं यायचं ते लिहिते. कोरेची बोट सोडून दे, मी त्याला सांगितलं आहे. बसने ये. भिंत लालच ठेवली आहे, तो पांढरा तुकडाही पुसला. रंगाचा डबा धक्क्यावर आहे. पंचवीसला उजाडलं, हवा बरी असली, की माझ्या बोटीतून दीपगृहाच्या वळशाने बाबांच्या तळावर जाऊ. तुझे साहेब लोक मागे बसतील, गोळ्या आदल्या रात्री घेतलेल्या असतील. तिथे तुला हवं तेवढा वेळ उभं राहा. मग तू मला दाखव, खाच कुठली, कुठून कशी धरायची. मी स्क्रीनवर टोपी घालीन. किती पांढरं करायचं ते तिथून बघून ठरवू आणि परत दीपगृहाच्या बाजूनेच येऊ. मधल्या वाटेने येण्याएवढी माझी छाती नाही आणि तुझीही नसावी.

पण हे पंचवीसचं झालं. चोवीसला संध्याकाळी पाच वाजता प्रार्थनागृहाच्या खोलीत कॉफी ठेवली आहे. त्या दिवशीच्या चाळीसांपैकी एकोणीस हयात आहेत. सतरा चालत येतील, दोघांना कोरे गाडीने आणील. कशासाठी आहे ते हागबार्ट सोडून कुणाला सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते मी तीनदा लिहून काढलं आणि तीनदा चुलीत टाकलं, तेव्हा तोंडाला येईल तसं बोलीन. तू पुढच्या बाकावर बस, सगळ्यांना तुझं तोंड दिसेल असा. मध्ये उठून "जाऊ दे गुनवोर" म्हणायचं नाही. त्या दिवशी तू गप्प राहिलास. या वेळीही गप्पच राहा, बोलायचं आहे ते मला.

गुनवोर